कोर्स सुटला नाही

2022 च्या पावसाळ्यात मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला लातूरहून पुण्यात आलो. आमच्याकडची मुलं जिथे राहतात तिथेच राहिलो, पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट आणि एक टेबल. बाकीचे तिघं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. सकाळी अभ्यासिकेत जायचे ते रात्रीचा डबा यायच्या वेळेला परतायचे. कॉलेज नसलं की दिवसभर खोली माझ्या एकट्याची असायची, आणि एकटं असणं हीच तेव्हा मला अजिबात न झेपणारी गोष्ट होती.

न झेपणारी म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. एकटेपणा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उदास बसलेला मुलगा येतो. मी उदास नसायचो. सकाळी प्रॅक्टिकलला जाताना गुणगुणत जायचो. तिथे माझ्या मैत्रिणीने माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाशेजारची जागा घेतली की छातीत धस्स व्हायचं आणि पुढचे दोन तास फळ्यावरची अक्षरं दिसायची नाहीत. दुपारी तिनेच चहाला हाक मारली की तिच्यासारखं जगात कुणी नाही. संध्याकाळी मेसेज वाचून तिने उत्तर दिलं नाही की आजवरचं सगळं खोटं होतं, ती मला टाळते आहे, सगळेच टाळतात. याची मला शंका यायची नाही, खात्री पटायची. मग मी लागोपाठ मेसेज पाठवायचो, आधी विनवणीचे, मग रागाचे, मग पुन्हा विनवणीचे. हे सगळं एका दिवसात. रात्री ते ओसरलं की दुःखसुद्धा उरायचं नाही. मी कोण आहे, मला काय आवडतं, उद्या कशासाठी उठायचं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आतून यायचं नाही.

ती पोकळी जावी म्हणून मी स्वतःला इजा करून घ्यायचो. कशी, ते लिहीत नाही. वाचणाऱ्यांत कुणी त्याच वाटेवर असेल, तर त्याच्यासमोर ते तपशील येऊ नयेत. एवढंच सांगतो, की मे महिन्यातही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

लोकांकडे माझ्यासाठी शब्द होते. घरी मी तापट होतो. वर्गात मी ‘ड्रामा करणारा’ होतो. पुरुषाच्या बाबतीत हे दुखणं रागाच्या नावाखाली लपून जातं, हे मला पुढे कळलं. दवाखान्यांत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (माझ्या दुखण्याला पुढे हेच नाव मिळालं) निदान झालेल्यांत बायका बऱ्याच जास्त दिसतात. पण अमेरिकेत घरोघरी जाऊन केलेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात, जे 2008 मध्ये प्रसिद्ध झालं, स्त्री-पुरुषांतलं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणजे मुलगे असतात, पण ते दवाखान्यात पोचत नाहीत. त्यांच्याबद्दल तक्रारी होतात, भांडणं होतात, खोल्या बदलल्या जातात.

मी दवाखान्यात पोचलो तो माझ्या रूममेटमुळे. तो हिंगोलीचा. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा जवळ आली होती आणि त्याची पूर्वपरीक्षाही तोंडावर होती. त्या रात्री माझी अवस्था पाहून त्याने एकही प्रश्न विचारला नाही. चपला घातल्या, मला घालायला लावल्या, खाली जाऊन रिक्षा आणली. बाकीचे दोघं घाबरले होते. पोलीस केस होईल, याचंही करिअर जाईल आणि आपलंही, असं दबक्या आवाजात चाललं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो, उलट त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. स्पर्धा परीक्षेची मुलं ती. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी तो कायदा काढून कलम 115 वाचून दाखवलं. मला त्याचं आजही अप्रूप वाटतं. भीती घालवायला त्याला कलमच लागलं, आणि ते मिळालं.

घरमालकांनी मात्र मला खोली सोडायला सांगितलं. तेव्हा माझ्या तिन्ही रूममेट्सनी आम्ही चौघंही सोडतो असं सांगून टाकलं आणि आठवडाभरात दोन गल्ल्या पलीकडे दुसरी खोली शोधली. याहून मोठं काम माझ्यासाठी क्वचितच कुणी केलं असेल.

मला याआधी एका ठिकाणी नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या. नव्या सायकियाट्रिस्ट मॅडमनी घाई केली नाही. दोन-तीन भेटी नुसतं ऐकून घेतलं, आईशी फोनवर बोलल्या, लहानपणापासूनचं विचारलं. मग एक छापील कागद पुढे ठेवला. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, नऊ लक्षणं, त्यातली निदान पाच असावी लागतात. मी वाचत गेलो. कुणी सोडून जाईल या धास्तीने केलेली धडपड. नातं एकदा आभाळाला टेकलेलं आणि एकदा पायदळी. स्वतःची ओळख सतत हलती. काही तासांत पालटणारं मन. कायमचं रितेपण. आवरता न येणारा राग. मला वाटलं होतं की असं नाव ऐकून आपण कोसळू. प्रत्यक्षात मला हलकं वाटलं. कुणीतरी कुठेतरी, मला न भेटता, माझ्याबद्दल इतकं बरोबर लिहून ठेवलं होतं, म्हणजे असे बरेच लोक होऊन गेले होते.

‘म्हणजे बायपोलर का?’ मी विचारलं, कारण तो शब्द मला माहीत होता. त्या म्हणाल्या, बायपोलरमध्ये मनाची अवस्था बहुतेकदा दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे टिकते. तुझी तासांत बदलते, आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे कुणी माणूस असतो. यावर थेट चालणारी गोळी नाही, झोपेसाठी किंवा सोबतच्या नैराश्यासाठी औषध देऊ, पण मुख्य काम बोलण्याचं आणि शिकण्याचं आहे, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग अण्णांना सांगायचं होतं. माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात मुनीम आहेत. ते रात्रीच्या गाडीने आले, मॅडमसमोर हात मांडीवर ठेवून बसले आणि सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

‘किती दिवसात कमी हुईल?’

मॅडम म्हणाल्या, दिवसांत नाही, वर्षांत होईल, पण होईल.

‘मग कालेज कशाला करायलाय? घरी येऊन राहू द्या की निवांत. बरा झाला की पुन्हा जाईल.’

आमच्या सगळ्या नातेवाइकांचं हेच म्हणणं होतं, आणि ते प्रेमापोटी होतं. मलाही ते पटलं होतं. त्या दिवशी त्यांनी माझं सामान बांधलं असतं तर मी मुकाट्याने गाडीत बसलो असतो. मॅडमनी अण्णांना थांबवलं. जे सांगितलं ते मी इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण हा लेख मी त्याचसाठी लिहितो आहे.

अमेरिकेत बॉस्टनजवळ मॅक्लीन नावाचं मनोरुग्णालय आहे. तिथे मेरी झनारिनी या संशोधिकेने बॉर्डरलाइनच्या 290 रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2010 मध्ये छापून आले. शंभरातल्या 93 जणांची लक्षणं निदान दोन वर्षं टिकेल इतकी ओसरली होती. हा विकार म्हणजे जन्माची शिक्षा, असं समजणाऱ्या डॉक्टरांसाठीही तो धक्का होता. पण त्याच अभ्यासात त्यांनी आणखी एक मोजमाप केलं. लक्षणं ओसरली, शिवाय एक तरी जिवाभावाचं नातं आहे, शिवाय नोकरी किंवा शिक्षण पूर्णवेळ आणि नीट चालू आहे, असे किती? ते निघाले निम्मे.

मॅडमनी हे अण्णांना त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हणाल्या, आजार उतरतो हो, बहुतेकांचा उतरतो. पण तो जोरात असतो तो नेमका अठरा ते पंचवीसच्या आसपास, आणि माणूस शिकतो, मित्र जोडतो, पायावर उभा राहतो तेही त्याच वर्षांत. ती वर्षं घरी बसून काढली तर तिशीत आजार उतरलेला असेल, आणि हातात काही नसेल. जमेल तेवढा कोर्स चालू राहू दे. रजा घ्यायचीच तर परतायची तारीख आधी ठरवून घ्या.

अण्णांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही. हिशेब समजणारा माणूस आहे. मग म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या मग.’

त्यांनी लातूरला परतल्यावर एक सुरू केलं. मोंढ्यातून येऊन, जेवून, रात्री नऊला फोन. माझ्या आजाराबद्दल एक शब्द नाही. ‘जेवलास का? आज काय केलास?’ मग सोयाबीनचा भाव, पाऊस, कुणाच्या घरी काय. चार-पाच मिनिटं, आणि ‘बरं, ठेवतो.’ मी रागात असलो आणि नुसतं हं-हं केलं तरी तेवढंच, मी रडत असलो तरी तेवढंच. माझ्या दिवसात दुसरं काहीही जागेवर नसायचं, पण नऊ वाजता फोन वाजायचा. प्रेम किती आहे हे मी सतत तपासत असे. या फोनला तपासायची गरज पडेनाशी झाली.

विभागातल्या टॅक्सॉनॉमीच्या मॅडमना मी स्वतः जाऊन सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, हजेरी पंचाहत्तर टक्के भरणार नाही हेही सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही. वैद्यकीय रजेचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, एक पेपर पुढच्या वेळी दे म्हणाल्या, आणि हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून शीटवर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, सबमिशनला मुदत वाढवून दिली. मग म्हणाल्या, दर मंगळवारी चारला माझ्याकडे यायचं, वीस मिनिटं. शीट घेऊन यायच्या. इतर वेळी मी भेटणार नाही आणि रात्रीचे मेसेज मी वाचत नाही.

मला ते तेव्हा लागलं होतं. मला हवं होतं की कुणीतरी कधीही उपलब्ध असावं. पण तसं होऊ पाहणारे लोक माझ्या आयुष्यात आधीही आले होते. ते महिनाभर रात्री दोनला फोन उचलायचे आणि मग थकून एकदम नाहीसे व्हायचे, आणि माझी खात्री पुन्हा पक्की व्हायची की सगळे सोडून जातात. मॅडम वीस मिनिटांच्या वर बसल्या नाहीत आणि एकही मंगळवार त्यांनी चुकवला नाही. ज्या आठवड्यात त्या बाहेरगावी होत्या, त्याच्या आदल्या मंगळवारीच त्यांनी तसं सांगितलं होतं. आमच्यासारख्यांना मदत करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, की झेपेल तेवढंच कबूल करा, आणि कबूल केलेलं पाळा. तुमचा स्पष्ट नकार आम्हाला दुखावतो, पण तो आम्ही सोसतो. तुमचं हळूहळू विरत जाणं सोसत नाही.

हर्बेरियमचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना ठाऊक असेल, ते घाईने होत नाही. फुलाफळासकट फांदी आणायची, लहान झाड असेल तर मुळासकट. कागदांच्या घडीत पान न मुडपता पसरायचं, दाबाखाली ठेवायचं. कागद ओला होतो, म्हणून रोज बदलायचा. पुण्यात भाद्रपदात एक दिवस विसरलात तर बुरशी धरते. माझा दिवस कितीही वाईट गेला तरी संध्याकाळी कागद बदलावे लागत. खोलीत कॉटखाली माझं प्रेस असायचं आणि जुनी वर्तमानपत्रं रूममेट अभ्यासिकेतून आणून द्यायचे.

त्यातही फील्डबुक मला फार उपयोगी पडलं. टेकडीवर झाड दिसलं की तिथेच लिहायचं असतं: जागा, तारीख, उंची, फुलाचा रंग. रंग जागेवरच लिहायचा, कारण वाळल्यावर तो जातो. आणि दिसलं तेवढंच लिहायचं. मॅडम माझ्या नोंदीतलं ‘सुंदर’ किंवा ‘बहुधा’ लाल पेनाने खोडायच्या.

त्याच सुमाराला मी डीबीटीच्या कौशल्यगटात जाऊ लागलो होतो. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही मार्शा लिनेहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी खास अशा रुग्णांसाठी घडवली. 1991 मध्ये तिची पहिली शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. आणि 2011 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लिनेहनबाईंनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, स्वतःला इजा करत होत्या. ज्या रुग्णालयात सतराव्या वर्षी त्यांना ठेवलं होतं, तिथेच उभं राहून त्यांनी हे सांगितलं. गटात आम्ही हे ऐकलं तेव्हा कुणी बोललं नाही. माझ्या शेजारची इंजिनिअरिंगची मुलगी वहीत काहीतरी लिहीत राहिली.

या गटात पहिलं शिकवतात ते वर्णन. काय पाहिलं आणि त्यावरून काय ठरवलं, हे वेगळं लिहायचं. मला ते फील्डबुकमुळे लवकर उमजलं. मी डाव्या पानावर लिहायचो, ‘सात दहा. मेसेज पोचला, वाचला, उत्तर नाही.’ उजव्या पानावर, ‘तिला माझा वीट आला आहे.’ डावं पान खरं होतं. उजवं पान माझ्या मनाने लिहिलेलं होतं. दोन्ही समोरासमोर दिसली की खात्रीची शंका व्हायची, आणि शंका आली की थांबता यायचं.

नेहमी नाही. लाट फार मोठी असली की वहीबिही सुचत नाही. त्यासाठी दुसरं शिकवलं होतं: पातेल्यात गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून चेहरा त्यात बुडवायचा, अर्धा मिनिट. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर हृदयाचे ठोके आपोआप मंद करतं, त्याचाच हा उपयोग. हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. माझे रूममेट ते पातेलं नेहमी मोकळं ठेवायचे. हिंगोलीवाला एक वाक्य शिकला होता, कुणी शिकवलं कोण जाणे. ‘तुला आत्ता लई वाईट वाटायलंय हे दिसतंय मला. मी झोपतो, सकाळी चहाला बोलू.’ आणि सकाळी चहाच्या टपरीवर तोच विषय काढायचा. मला पटवायला तो कधी बसला नाही, आणि माझं म्हणणं त्याने कधी उडवूनही लावलं नाही.

सगळं जुळून आलं नाही. माझी मैत्रीण दूर झाली ती झालीच. तिच्या बाजूने तिने खूप सोसलं होतं आणि दूर राहणं हा तिचा हक्क होता. गटात शिकलेलं कौशल्य वापरून तिला एक पत्र लिहावं असं मला बरेचदा वाटलं. थेरपिस्टनी विचारलं, ते कुणासाठी? मी लिहिलं नाही.

पुढे एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञ बाईंची मांडणी वाचनात आली. 1989 मध्ये त्यांनी मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू सांगितले: स्वतःचा स्वीकार, इतरांशी चांगलं नातं, स्वायत्तता, भोवतालच्या व्यवहारावर पकड, जगण्याला हेतू आणि वाढत राहणं. आनंदी वाटणं हा त्यात स्वतंत्र पैलूच नाही. मी स्वतःला त्यावर ताडून पाहिलं. स्वतःचा स्वीकार जवळजवळ शून्य. नाती डळमळीत. पण भोवतालावर पकड? माझ्या शीट वेळेवर तयार होत होत्या. हेतू? कोरेगाव रोडला बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये जाऊन माझी एक शंका फिटली होती आणि आणखी दोन निघाल्या होत्या. लक्षणं जोरात असतानाच मनाची एक बाजू बरी होत चालली होती, आणि ती दवाखान्यात नाही, विभागात होत होती. मी घरी गेलो असतो तर ती बाजू उपाशी राहिली असती.

म्हणून मला विद्यापीठांकडून फार मोठं काही नको आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. ते झालंच पाहिजे. पण समुपदेशकाची खोली एका मजल्यावर आणि हजेरीचं रजिस्टर दुसऱ्या मजल्यावर असेल, तर मुलगा मधल्या जिन्यात हरवतो. मुलगा आजारी पडला तर त्याचं नाव पटावर कसं राहील, अर्धे पेपर आत्ता आणि अर्धे नंतर कसे देता येतील, परत येणाऱ्याला कोण भेटेल, हे कार्यालयातल्या क्लार्कलाही माहीत हवं. मला हे एका शिक्षिकेच्या समजूतदारपणामुळे मिळालं. ते कुणाच्या स्वभावावर अवलंबून राहू नये. आणि रात्री अवघड वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मी आता जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. उगवणशक्तीच्या चाचण्या घेतो. राग येतो, पण आता तो यायच्या आधी कळतो. इजा करणं थांबून बराच काळ झाला. रितेपण मात्र पूर्ण गेलेलं नाही, ते रविवारी दुपारी येतं, म्हणून रविवारी मी सायकल घेऊन फील्डबुकसकट बाहेर पडतो. नऊचा फोन चालू आहे.

सध्या घरी माझ्या लग्नाचं बघतायत. आई म्हणते, आधी जमू दे, मग सांगू. काकांचं म्हणणं, सांगायचंच कशाला, आता बरा आहेस. अण्णा यावर काही बोलले नाहीत, तेव्हा मी त्यांना फोनवर सरळ विचारलं. ‘खातं दाखवल्याबिगर सौदा करत नसतेत,’ एवढंच म्हणाले. मी ठरवलं आहे, पहिल्या भेटीत नाही, दुसऱ्या भेटीत सांगायचं, दोघंच असताना. निदानाचं नाव सांगेन, औषधं सांगेन, कुठल्या गोष्टीने मी बिथरतो ते सांगेन, आणि तिला माझ्या सायकियाट्रिस्ट मॅडमना काही विचारायचं असेल तर त्यांनी भेटायची तयारी दाखवली आहे, हेही सांगेन. पुढच्या महिन्यात परभणीला एक मुलगी बघायला जायचं आहे. ती शिक्षिका आहे.